‘पान’ : व्युत्पत्ती आणि अर्थपरिवर्तन

शब्दाचे रूप आणि अर्थ काळाच्या ओघात कसे बदलतात, हे ‘पान’ या नित्य वापरातील शब्दाच्या आधारे आपण या विभागात पाहणार आहोत. सारखे दिसणारे दोन शब्द एकच का मानता येत नाहीत, हेही त्यातून स्पष्ट होईल.

१. व्युत्पत्ती

झाडाचे पान या अर्थाचा हा शब्द संस्कृत ‘पर्ण’पासून आलेला तद्भव शब्द आहे. प्राकृतात ‘र्’ पुढील व्यंजनात मिसळून ‘पण्ण’ हे रूप झाले. पुढे मराठीत द्वित्त लोपले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला : पर्ण > पण्ण > पान. कर्ण > कण्ण > कान हा बदलही याच नियमाने झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ‘पर्ण’मध्ये ‘ण’ असून ‘पान’मध्ये ‘न’ आहे. उलट ‘पानीय’मध्ये ‘न’ असून प्रमाण मराठीत ‘पाणी’ झाले. हा गोंधळ नव्हे. प्राकृतातील द्वित्त ‘ण्ण’चा मराठीत ‘न’ होतो, तर दोन स्वरांमधील एकेरी ‘ण’ टिकतो.

२. अर्थपरिवर्तन

(अ) अर्थसंकोच : ‘पान खाणे’, ‘पानसुपारी’ यांत पान म्हणजे कोणतेही पान नव्हे, केवळ नागवेलीचे, विड्याचे पान होय.

(आ) अर्थविस्तार : पूर्वी ताडाच्या पानांवर ग्रंथ लिहिले जात. लेखनाचे साधन बदलून कागद आला, तरी ग्रंथाचे ‘पान’ कायम राहिले. जेवणासाठी केळीचे पान मांडत. आज स्टीलचे ताट असले तरी आपण ‘पाने घ्या’, ‘पानात टाकू नये’ असेच म्हणतो. वस्तू बदलते, पण तिचे कार्य तेच राहिल्याने नावही टिकते.

(इ) लाक्षणिक अर्थ : ‘पिकले पान’ म्हणजे वृद्ध व्यक्ती, ‘तोंडाला पाने पुसणे’ म्हणजे फसवणे.

३. समान रूप, भिन्न शब्द

मद्यपान, स्तनपान या शब्दांतील ‘पान’ मात्र वेगळे आहे. ते ‘पा’ म्हणजे पिणे या संस्कृत धातूपासून झालेले तत्सम रूप आहे. म्हणूनच ‘पानदान’ म्हणजे विड्याचे साहित्य ठेवण्याचा डबा, तर ‘पानपात्र’ म्हणजे पिण्याचे भांडे. पहिल्या ‘पान’चे सर्व अर्थ एकाच नोंदीखाली द्यावेत, दुसऱ्या ‘पान’ची नोंद स्वतंत्र असावी. हा विवेक न ठेवल्यास कोशच वाचकाची दिशाभूल करील.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘सप्त’पासून ‘सात’ कसा झाला, ते वरील नियमाच्या आधारे लिहा.
२. संस्कृत ‘पत्र’ म्हणजेही पान. पत्र, पत्रिका, पत्रावळ या शब्दांत तो अर्थ कोठे टिकला व कोठे बदलला, ते सांगा.