घरी आढळलेला आजारी रानपक्षी : शुश्रूषा व दक्षता

सांगलीस लागून असलेल्या माधवनगरासारख्या गावी पेठ, वस्ती व शिवार ही परस्परांस खेटून असतात. साठवलेल्या धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे घुबड येते. पलीकडे ऊस, हळद व द्राक्षे यांची शेते असल्याने इतर पक्ष्यांचाही तेथे राबता असतो. त्यामुळे पडवीत अथवा गोठ्याच्या कोपऱ्यात पंख ढिले टाकून बसलेला एखादा पक्षी केव्हातरी दृष्टीस पडतो. घरातील माणसे दयेपोटी त्याच्या चोचीत पाणी ओततात, दूधभात भरवतात, मुले त्यास हाताळतात. हेतू चांगला असतो. परंतु पुष्कळदा पक्षी दगावतो तो या उपचारानेच. यास्तव अशा पक्ष्यास काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये, हे प्रथम जाणून घेणे अगत्याचे आहे.

पक्षी आजारी आहे काय?

जमिनीवर बसलेला प्रत्येक पक्षी आजारी नसतो. पिसे फुटलेले परंतु नीट उडता न येणारे पिल्लू काही दिवस जमिनीवर उड्या मारीत असते व आईबाप त्यास तेथेच चारा आणून देतात. असे पिल्लू उचलून घरी नेऊ नये. मांजर-कुत्र्याचे भय असल्यास जवळच्या झुडपावर ठेवावे. माणसाचा हात लागल्यास आईबाप पिल्लास टाकतात, ही समजूत खरी नाही. पूर्ण वाढलेला पक्षी मात्र माणूस जवळ गेला तरी उडत नसेल, एक पंख लोंबत असेल, रक्त येत असेल अथवा मान वाकडी झाली असेल, तर तो आजारी वा जखमी समजावा.

प्रथमोपचार

पक्ष्यास धरताना हातमोजे घालावेत अथवा हातांस कापड गुंडाळावे आणि पक्ष्यावर जाडसर फडके टाकून त्यास अलगद उचलावे. घुबड व घार यांच्या नख्यांपासून जपावे. बगळा चोचीने थेट डोळ्यावर मारतो, म्हणून तो तोंडापासून दूर धरावा. छाती आवळू नये. छातीची हालचाल थांबल्यास पक्षी गुदमरतो.

पुठ्ठ्याच्या खोक्यास हवेसाठी भोके पाडून तळाशी जुने कापड अंथरावे. पक्षी आत ठेवून झाकण लावावे व खोके शांत जागी, मुले, मांजरे आणि कोंबड्या यांपासून दूर ठेवावे. काळोखात पक्ष्याचे भय ओसरते. भयाने येणारा ताण आजाराइतकाच घातक असतो. पावसात भिजून गारठलेल्या पक्ष्याजवळ कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवावी. उन्हाळ्यात ऊन लागलेला पक्षी सावलीत हवेशीर ठेवावा. तावदानावर आपटून गुंगी आलेला पक्षी कित्येकदा तास-दोन तासांच्या विश्रांतीने सावध होतो. पूर्ण सावध झाल्यास त्यास सापडल्या जागीच सोडावे. घुबडास अंधार पडल्यावर, इतरांस दिवसा.

पतंगाचा मांजा अथवा द्राक्षबागेवरील जाळे अंगात रुतले असल्यास ओढू नये. पक्ष्याच्या दोहो बाजूंनी धागा कापून काढावा व रुतलेला भाग पशुवैद्यासाठी तसाच ठेवावा.

चोचीत काही घालू नये

पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोच उघडून ओतलेले पाणी सहज फुप्फुसात जाते व पक्षी मरतो. सावध पक्ष्यापुढे उथळ बशीत पाणी ठेवावे. गुंगीत असलेल्यास तेही नको. दूध पक्ष्यांस पचत नाही. घुबड वा घार यांस भात-भाकरी हे अन्नच नव्हे.

माणसाच्या वा गुरांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मृत मांस खाऊन आपल्या देशातील गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली व त्यांची संख्या अत्यंत घटली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी घालण्यात आली. जे औषध गुरांस मानवते ते पक्ष्यास विष ठरू शकते, हे ध्यानात ठेवावे.

आजाराचे मूळ शिवारात

घरी सापडलेला आजारी पक्षी ही शेतकऱ्यास मिळालेली सूचनाही असते. गव्हाणी घुबडाचे मुख्य भक्ष्य उंदीर होय. एका रात्रीत ते दोन-तीन उंदीर सहज मारते. अशुभ मानून आपण ज्यास हाकलतो तो खरोखर पिकाचा राखणदार आहे. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंदपणे फिरतो व घुबडाच्या तावडीत सहज सापडतो. असे उंदीर खाल्लेल्या घुबडास अंतर्गत रक्तस्राव होतो. ‘के-१’ हे जीवनसत्त्व त्यावर उतारा आहे, परंतु ते पशुवैद्यानेच द्यावयाचे असते. फवारणीच्या विषाने बाधलेल्या पक्ष्यास कंप सुटतो, तोंडास लाळ येते व पाय आखडतात. पक्षी सापडण्यापूर्वी आसपास कोणते औषध वापरले गेले, हे पशुवैद्यास अवश्य सांगावे.

अर्जेंटिना देशात १९९५-९६ च्या हंगामात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले गेले. ते नाकतोडे खाऊन उत्तर अमेरिकेतून आलेले स्वेन्सन जातीचे शिकारी पक्षी हजारोंनी मेले. नाकतोडे फुकट वेचणारे मदतनीसच अशा रीतीने नाहीसे झाले.

यास्तव उंदरांचे विष उघड्यावर टाकू नये. बिळात घालून बीळ बुजवावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. शक्य तेथे सापळे वापरावेत व शेतात पक्षीथांबे उभारावेत.

संसर्गाविषयी दक्षता

एकाच वेळी अनेक पक्षी आजारी वा मृत आढळल्यास त्यांस हात लावू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे व जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली होती. २०२१ साली राज्यात काही ठिकाणी कावळे व बगळेही या रोगाने मेले. राणीखेत रोगही रानपक्ष्यांच्या विष्ठेतून परसातील कोंबड्यांत शिरू शकतो. म्हणून आजारी पक्षी खुराड्याजवळ नेऊ नये, नाकातोंडावर कापड बांधावे, नंतर हात साबणाने धुवावेत व कपडे बदलावेत.

कोणास कळवावे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पोपट, घुबड आदी रानपक्षी घरी बाळगणे हा गुन्हा आहे. प्रथमोपचार होताच नजीकच्या वनविभाग कार्यालयास अथवा त्या विभागाच्या १९२६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. पक्ष्यांच्या सामूहिक मृत्यूची खबर शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे दोन्ही क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळकपणे लिहून ठेवावेत. एक पुठ्ठ्याचे खोके, एक फडके आणि वेळीच पाठविलेला निरोप एवढ्यानेही एखाद्या पक्ष्याचा जीव वाचू शकतो. तो पक्षी घुबड असल्यास येत्या हंगामात उंदरांपासून पिकाची राखण करणारा एक सोबती त्या शिवारास परत मिळेल.