मौनाचा अर्थ : ऑडिट नोंदी आणि तुटलेला संपर्क

भाषिक संज्ञापनाच्या सहा घटकांत रोमन याकोबसन यांनी ‘संपर्क’ या घटकाला स्वतंत्र स्थान दिले आहे. दूरध्वनीवर बोलताना आपण मधूनच ‘ऐकताय ना?’ असे विचारतो. या प्रश्नातून नवी माहिती मिळत नाही. संपर्क टिकून आहे, एवढीच खात्री होते. संगणकांनाही अशी खात्री करून घ्यावी लागते. ऑडिट नोंदींचे केंद्रीकरण हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

कोणी, केव्हा प्रवेश केला, कोणती फाइल बदलली, याची जी नोंद संगणक ठेवतो तिला ऑडिट नोंद म्हणतात. ती त्याच संगणकावर राहिल्यास घुसखोर ती पुसू शकतो. म्हणून ती तत्काळ मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवतात. परंतु वाटेत नेटवर्क तुटले, तर सर्व्हरच्या बाजूला केवळ मौन उरते. या मौनाचे दोन अर्थ संभवतात : काही घडलेच नाही, किंवा घडले पण कळले नाही. तपास करणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत महदंतर आहे.

२००१ च्या आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात वर्णिलेल्या सिसलॉग पद्धतीत नोंदी यूडीपीद्वारे जातात. साध्या टपालाने धाडलेल्या पत्राप्रमाणे त्यांची पोच मिळत नाही. हरवलेली नोंद हरवल्याचेही कळत नाही.

लिनक्समधील ऑडिस्प-रिमोट हा प्रोग्राम यावर तीन उपाय योजतो. पहिला, पुनःप्रयत्न : मूळ मांडणीत प्रत्येक नोंदीसाठी कमाल ३ प्रयत्न आणि ५ सेकंदांची मुदत असते. दुसरा, रांग : ‘फॉरवर्ड’ पद्धत निवडल्यास नोंद आधी डिस्कवर लिहिली जाते आणि मग पाठवली जाते. तिसरा, हार्टबीट म्हणजेच स्पंदन-संदेश : सांगण्याजोगे काही नसतानाही ठरावीक काळाने ‘मी आहे’ असे कळवणे. हाच संगणकाचा ‘ऐकताय ना?’ होय. मूळ मांडणीत मात्र तो बंद असतो. व्यवस्थापकाने तो आवर्जून सुरू करावा लागतो.

तथापि, रांगेलाही मर्यादा असते. शिवाय रांगेत थांबलेल्या नोंदी मूळ संगणकावरच असल्याने त्या पुसल्या जाण्याचा धोका तेवढा काळ कायम राहतो. म्हणूनच संपर्क परत न आल्यास काय करावे, हे आधीच ठरवावे लागते. दुर्लक्ष करणे, इशारा देणे, नोंदी पाठवणे थांबवणे, इतकेच नव्हे तर संगणकच बंद करणे, असे पर्याय उपलब्ध असतात. रुग्णालयातील अतिदक्षता विभागाचा संगणक नोंदींखातर बंद पाडणे घातक ठरेल. उलट, अतिगोपनीय दस्तऐवज सांभाळणारा संगणक नोंदींविना चालू ठेवणे अनुचित ठरेल. हा निर्णय यंत्राचा नव्हे, उत्तरदायित्व कोठे आहे हे जाणणाऱ्या माणसाचा आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘नोंद नाही, म्हणजे घटना नाही’ हे विधान केव्हा ग्राह्य धरता येईल? स्पंदन-संदेशाच्या आधारे स्पष्ट करा.