चढणीचे मासे व आमचे बंधारे

मृगाच्या पहिल्या पुराबरोबर ओढ्यांतून वर चढणारे मासे जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील शेतकऱ्यांस नवे नाहींत. भातखाचराच्या बांधावरून उडी घेणारा मासा आमच्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाहिला असेल. ‘चढणीचे मासे आले’ अशी हाक उठली कीं जाळीं व टोपल्या घेऊन धांवावयाचें, हा पावसाळ्याच्या आरंभींचा एक सणच होय. परंतु हा मासा चढतो कां, जातो कोठें, आणि त्याची वाट अडली असतां पुढें काय होतें, याचा विचार क्वचितच केला जातो. शास्त्रज्ञांनीं या विषयांत केलेल्या शोधांचा कांहीं भाग आमच्या नद्यांस लागू पडणारा आहे. म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या नद्यांची सांखळी सर्वांस ठाऊक आहे. कुकडी पूर येथें कुकडेश्वराजवळ उगम पावते. घोड आहुप्याच्या बाजूस सह्याद्रींत निघते. मीना व कुकडी घोडेस आणि घोड भीमेस मिळते. म्हणजे पूर्वीं भीमेंतील माशास पुराच्या पाण्यानें थेट सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत येण्यास मोकळी वाट होती. दख्खनच्या माशांचें पहिलें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत शिरूरजवळच्या घोड नदींतील एका माशास त्यांनीं ‘मुसुल्ला’ व पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेंतील एका माशास ‘खुद्री’ असें नांव दिलें. नांवें देतांना त्यांनीं येथील लोकांच्या तोंडचेच शब्द घेतले, व तींच आज जगभरच्या ग्रंथांत चालतात. खुद्री म्हणजेच दख्खनचा महाशीर. मुसुल्ला हा जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादींत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. ज्या नदीवरून त्याची जगास ओळख झाली, त्या नदीच्या कांठीं राहणाऱ्यांनीं तरी ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे.

आतां मासा चढतो कां तें पाहूं. महाशीर एरवीं खोल, खडकाळ डोहांत राहतो. पावसाळ्यांत पाणी वाढलें कीं तो वरच्या अंगास, जेथें पाणी स्वच्छ, वाहतें व तळ खडीगोट्यांचा असतो, अशा ठिकाणीं अंडीं घालण्यास जातो. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे एके काळचे संचालक सी. व्ही. कुलकर्णी यांनीं या माशाच्या विणीचें व अंड्यांचें वर्णन १९७१ सालीं प्रसिद्ध केलें. रोहू-कटल्याचीं अंडीं पाण्याबरोबर वाहतात व एका दिवसाच्या आंत फुटतात. महाशीराचीं अंडीं जड असून तळाशीं बसतात; तीं फुटण्यास सुमारें तीन-चार दिवस लागतात, आणि पिल्लें आणखी कांहीं दिवस खड्यांच्या सांपटींतच राहतात. तितका काळ त्यांवर गाळ बसला, किंवा खालची खडीच उपसून नेली, तर ती सर्व वीण फुकट जाते.

या चढणीच्या वाटेवर कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें उभीं आहेत : येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे. या धरणांच्या पाण्यावर आमचा ऊंस, कांदा, टोमॅटो व द्राक्षें उभीं आहेत. तीं नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मासा धरण चढूं शकत नाहीं, हेंही खरें आहे. गंगेवर १९७५ सालीं फरक्क्याचा बंधारा सुरू झाल्यावर समुद्रांतून अलाहाबादेपर्यंत जाणारा हिलसा वरच्या अंगास जवळजवळ दिसेनासा झाला, हें उदाहरण प्रसिद्ध आहे.

या प्रश्नाचा सर्वांत अधिक अभ्यास पाश्चात्य देशांतील सामन माशावर झाला आहे. मुंबईच्या बाजारांत रावसास इंग्रजी बोलणारे सामन म्हणतात. हा तो नव्हे. खरा सामन नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यास आपल्याच जन्माच्या ओढ्यांत परततो. तो ओढा तो वासानें ओळखतो, हें प्रोफेसर हॅस्लर यांनीं अमेरिकेंत सिद्ध केलें : पिल्लांस एका रसायनाच्या वासाची संवय लावून सोडलें, व पुढें ज्या ओढ्यांत तें रसायन मिसळलें त्याच ओढ्याकडे तीं मोठीं होऊन आलीं. कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणास १९३८ सालींच माशांसाठीं पायऱ्यापायऱ्यांचा पाण्याचा जिना बांधला गेला. एल्वा नदीवरील दोन जुनीं धरणें २०११ ते २०१४ या काळांत काढून टाकलीं, तेव्हां सामन पुन्हा वर चढूं लागला. वाट मोकळी झाली तर मासा परत येतो, हा यांतील मुख्य धडा होय.

कोणी म्हणेल, वाट कशास हवी? बीज तयार करून नदींत सोडलें म्हणजे झालें. तो प्रयोगही आमच्या जिल्ह्यांतच झाला आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतर महाशीराची कृत्रिम पैदास सुरू केली. कुलकर्णी व ओगले यांनीं ओल्या कापसांत अंडीं ठेवून तीं दूर पाठविण्याची युक्तीही काढली. हें कार्य मोठें आहे. परंतु दख्खनचा हा महाशीर पुढें कावेरींतही सोडण्यांत आला, तेव्हां तेथील मूळच्या महाशीराची जागा त्यानें घेतली असें संशोधकांस आढळलें. त्या मूळच्या माशास शास्त्रीय नांव मिळालें तें २०१८ सालीं, आणि तेव्हां तो नामशेष होण्याच्या वाटेस लागला होता. तात्पर्य, बीज ज्या नदीचें त्याच नदींत शोभतें, आणि विणीची जागा नसेल तर दरवर्षीं बीज सोडीत बसावें लागतें.

मग शेतकऱ्यानें करावें काय? मोठीं धरणें आमच्या हातांत नाहींत. परंतु कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ओढे व डोह पुष्कळ अंशीं आमच्या हातांत आहेत.

पहिली गोष्ट, बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वीं काढावेत असा नियमच आहे. ते मृगाचा पहिला पूर येण्याच्या आधीं काढले गेले पाहिजेत. पुरांत बरगे राहिले तर बंधारा धोक्यांत येतो, कांठचीं शेतें खरवडलीं जातात आणि मासाही अडतो. पाणीवापर संस्थांनीं यावर लक्ष ठेवावें. बंधाऱ्याखालीं पाण्याची उंच उडी पडत असेल, तर एका बाजूस दगडांची उतरती रचना केल्यास लहान मासाही चढूं शकतो.

दुसरी गोष्ट, चढणीच्या पहिल्या पंधरवड्यांत ओढ्याचें तोंड जाळ्यानें पुरतें बंद करूं नये. अंड्यांनीं भरलेली मादी पकडणें म्हणजे बियाणें दळून खाण्यासारखें आहे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक गांवानें एक डोह राखावा. महाड तालुक्यांत काळ नदीवरील वाळणकोंडींत व वाडा तालुक्यांत वैतरणेवर तिळसे येथें देवाच्या नांवानें मासे राखले आहेत, व तेथें महाशीर टिकून आहे. उन्हाळ्यांत असा डोह पंपानें तळापर्यंत उपसूं नये, व त्याच्या वरच्या अंगाची खडी-वाळू काढूं नये.

चौथी गोष्ट, फवारणीचे पंप व औषधांचे डबे ओढ्यांत धुऊं नयेत. द्राक्षांवर वापरला जाणारा मोरचूद माशांस अत्यंत घातक आहे. विष व सुरुंग यांनीं मासे मारणें तर १८९७ च्या कायद्यानेंच मना केलें आहे.

यांतील एकाही गोष्टीस मोठा खर्च नाहीं. डिंभे धरणांत ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतील आदिवासी बांधव आज त्याच जलाशयांत सहकारी संस्थेमार्फत मासेमारी करून पोट भरतात. वरच्या ओढ्यांत वीण टिकणें हा त्यांच्या भाकरीचाही प्रश्न आहे. तेव्हां प्रत्येक गांवच्या सभासदांनीं पावसाळ्यापूर्वीं आपल्या बंधाऱ्याचे बरगे व आपल्या गांवचा डोह समक्ष पाहून यावा, अशी आमची विनंती आहे.