क्रेन फ्लायची नक्कल आणि आपल्या नद्यांचे काठ

पावसाळा लागला की पिंपरी-चिंचवडमधल्या जिन्यांत, ट्यूबलाइटच्या आसपास भिंतीवर पाय पसरून बसलेला एक लांबुडका कीटक दिसतो. दिसायला डासासारखा, पण डासाच्या कितीतरी पट मोठा. पाय इतके लांब आणि तकलादू की केरसुणीचा नुसता धक्का लागला तरी एखादा गळून पडतो. ‘केवढा मोठा डास!’ असे म्हणत घरोघरी चपलेने त्याचा निकाल लावला जातो. तो डास नाही. तो चावत नाही. चावण्याजोगी सोंडच त्याला नसते. इंग्रजीत त्याला क्रेन फ्लाय म्हणतात. क्रेन म्हणजे चाकणच्या शेडमध्ये पत्र्याची कॉइल उचलते ती नव्हे, लांब पायांचा क्रौंच पक्षी. त्या यंत्रालाही नाव पक्ष्यावरूनच मिळाले.

या कुळाचा पसारा प्रचंड आहे. जगभरातून पंधरा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि त्यातल्या अकरा हजारांवर जातींचे वर्णन चार्ल्स अलेक्झांडर या एकाच अमेरिकन माणसाने केले. एका आयुष्यात एवढे काम कसे होते हे मला अजून उलगडलेले नाही. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे आहे ते या कीटकाचे बालपण. काही जातींच्या अळ्या पाण्यात वाढतात, पण पुष्कळ जातींच्या अळ्या ओलसर मातीत, गवताच्या मुळांशी, कुजलेल्या पाल्याखाली राहतात. मादी पोटाचे सुईसारखे टोक मातीत खुपसून अंडी घालते. अळी महिनोन् महिने तिथेच वाढते आणि पंख फुटलेला कीटक जेमतेम काही दिवस जगतो. उडणेही त्याचे बेताचेच. वाऱ्याची झुळूक आली की कुरणावरून उचलला जातो आणि पाण्यात जाऊन पडतो.

तिथे मासा वाट पाहत असतो. इंग्लंड-आयर्लंडच्या तळ्यांत ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत ट्राउट मासे या कीटकांवर तुटून पडतात आणि म्हणूनच तिथल्या गळकऱ्यांनी त्याची नक्कल करण्याची कला जोपासली. आपल्याकडचा गळ म्हणजे गांडूळ किंवा कणकेची गोळी. तिला वजन असते, म्हणून ती फेकता येते. पिसांच्या नकली माशीला वजनच नसते. म्हणून फ्लाय फिशिंगमध्ये वजन असते ते दोरीला. लवचीक काठीने दोरी मागे-पुढे झुलवत हवेत पसरायची आणि तिच्या टोकाची माशी अलगद पाण्यावर टेकवायची. ही युक्ती जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात एलियन या लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांचे वर्णन केले आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधत आणि नदीतले ठिपकेदार मासे पकडत.

क्रेन फ्लायची नक्कल अशी बांधतात. लांब दांड्याच्या गळावर दोरा गुंडाळायचा, त्यावर मातकट रंगाचे बारीक, लांब शरीर बसवायचे. रॅफियाच्या पट्टीचे, हरणाच्या केसांचे किंवा हल्ली फोमचे. पंखांसाठी कोंबड्याच्या पिसांची दोन टोके. खरे कसब पायांत. फेझंट पक्ष्याच्या शेपटीतल्या पिसाचे एकेक तंतू घेऊन त्यांना मधोमध गाठ मारायची, की गुडघा तयार झाला. असे सहा पाय मागच्या बाजूला लोंबते सोडायचे. बुडत्या कीटकाचे पाय जसे पाण्यावर पसरतात तसेच हे पसरले पाहिजेत. आयर्लंडच्या कॉरिब आणि मास्क या सरोवरांवर तर लांब काठी आणि रेशमी दोरा घेऊन खरा जिवंत कीटकच वाऱ्यावर सोडतात. दोरा वाऱ्याने फुगतो आणि कीटक लाटांवर टुणटुणत राहतो.

आमच्या पट्ट्यातल्या टूलरूममध्ये भोक बरोबर आहे की नाही हे बघायला गो-नो-गो गेज असतो. गेलाच पाहिजे ते टोक गेले आणि जाता कामा नये ते अडले, की जॉब पास. नकली माशी हा मला तसाच एक गेज वाटतो. मासा तिला तोंड लावतो तेव्हा तो सांगत असतो की या दिवसांत या पाण्यात हे खाणे येते. आणि क्रेन फ्लायच्या बाबतीत ते खाणे पाण्यात तयार झालेले नसते, ते काठावरून आलेले असते. या गळकऱ्यांना कळले ते शास्त्रज्ञांनी मोजायला विसावे शतक संपत यावे लागले.

ते मोजले शिगेरू नाकानो या जपानी संशोधकाने. होक्काइदो बेटावर होरोनाई नावाचा छोटा ओढा जंगलातून वाहतो. नाकानो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओढ्याच्या काही भागावर जाळीचा मांडव घातला, म्हणजे काठावरचे कीटक पाण्यात पडायचे थांबले. उपाशी मासे मग तळाशी शेवाळ खाणाऱ्या पाण्यातल्या किड्यांकडे वळले. किडे घटले, आणि त्यांना खाणारे कमी झाल्यामुळे शेवाळ वाढले. काठ आणि पाणी यांच्यामध्ये नुसती एक जाळी आली आणि तळाच्या दगडाचा रंग पालटला! १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये आलेल्या पुढच्या लेखात त्याच ओढ्यातल्या माशांचा वर्षाचा हिशेब होता: त्यांच्या एकूण ऊर्जेपैकी ४४ टक्के जमिनीवरच्या जिवांपासून येत होती. तो लेख छापून आलेला पाहायला नाकानो नव्हता. २००० साली मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात बोट उलटून तो गेला.

आता आपल्याकडे. ट्राउट भारतात आहे, पण तो आणलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तो काश्मीरमध्ये आणि नीलगिरीत रुजवला. पुण्याच्या पठारावर तो जगणार नाही. त्याला गार पाणी लागते. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याची तगमग सुरू होते. कारण प्राणवायूचे आहे. समुद्रसपाटीला १० अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम ७.५.

पण काठावरून पडणाऱ्या खाण्यावर जगणारा मासा आपल्याकडे नव्हता असे नाही. १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकी नोंदींसाठी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. दख्खन फिरताना त्याने इथले मासेही टिपले आणि १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. लॅटिन नावे देताना त्याने इथल्या माणसांच्या तोंडची नावेच उचलली: खुद्री, नुक्ता, कोळस, अळकुटी. नुक्ता या नावात आपल्याला ‘नकटा’ सहज ऐकू येतो. खुद्री म्हणजे आपला महासीर, ज्याला खडशीही म्हणतात. शास्त्रातले नाव आज टॉर खुद्री. पाण्यात पडलेली फळे, कीटक, खेकडे, गोगलगायी, छोटे मासे, शेवाळ असे सगळे तो खातो, आणि पिसांच्या माशीलाही तोंड लावतो. साइक्सला तो मिळाला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत.

हे ठिकाण लक्षात ठेवावे. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुढे संगमावर मुठेला, आणि सगळे पाणी पूर्वेला मुंढव्याकडे जाते. रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवड पवनेचे पाणी पिण्यासाठी उचलते. त्याच्या खाली नदीत काय सोडले जाते हे दापोडीच्या पुलावर उभे राहिले की नाकाला समजते. पवना, मुळा, मुठा आणि चाकणच्या बाजूची इंद्रायणी, चारही नद्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहेत. आळंदीला वारीच्या तोंडावर इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस सर्वांनी छायाचित्रांत पाहिला आहे.

आणि मुंढवा-केशवनगर-खराडी या भागात २०२४ च्या फेब्रुवारीत नदीवर उठलेले कीटकांचे उंच खांब मोबाइलवर देशभर फिरले. ‘डासांचे वादळ’ असे त्यांचे नाव पडले. असे उभे थवे ही कायरोनोमिड जातीच्या चिलटांच्या नरांची ओळखीची सवय आहे, आणि माझ्या मते ते बहुतांशी तेच असावेत. ही चिलटेही चावत नाहीत. त्यांच्या पुष्कळ जातींच्या अळ्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते. जिथे प्राणवायू जवळपास संपला आहे अशा गाळातही त्या तग धरतात. साइक्सच्या खुद्रीच्या जागी आज नक्कल करण्याजोगी एकच माशी मुबलक आहे, आणि तिला खायला खुद्री नाही. सोनेरी अंगाचा तो मासा आता लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात भेटतो. तिथे १९७० च्या दशकापासून त्याची पैदास होते. तिथली पिल्ले कावेरीतही सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या महासीराला जड झाली, पण ती वेगळी कथा आहे.

पाणी शुद्ध करण्याविषयी पुष्कळ बोलले जाते, ते हवेच. काठाविषयी मात्र उलटे चालले आहे. नदीकाठ सुधारण्याच्या नावाखाली भराव, दगडी पिचिंग, काँक्रीटच्या भिंती आणि फरसबंद वाटा येतात. उद्या मैलाशुद्धीकरणाचे सगळे प्रकल्प चोख चालले आणि पवना काचेसारखी वाहू लागली, तरी काँक्रीटमध्ये क्रेन फ्लायची मादी अंडी कुठे खुपसणार? नाकानोने ओढ्यावर जाळी टाकली होती. आपण तीच जाळी पक्क्या बांधकामात घालतो आहोत. काठाचा दहा-पंधरा पावलांचा गवताळ, चिखलट, उंबर-करंजाच्या सावलीचा पट्टा तसाच सोडायला खर्च काहीच नाही. बहुधा म्हणूनच तो कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही.

ज्याला तपासून पाहायचे असेल त्याने पावसाळ्यात एकाच आठवड्यात तीन ठिकाणी संध्याकाळी पांढरी चादर टांगून दिवा लावावा: पवना धरणाच्या खालच्या एखाद्या गावात, रावेतजवळ आणि दापोडीला. चादरीवर येईल ते भिंगाने पाहावे. मोठा, लांब पायांचा, पाठीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आणि पंखांमागे टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गाठी असलेला तो क्रेन फ्लाय. लहान, पुढचे पाय उचलून बसणारे, नर असेल तर मिशा पिसासारख्या फुललेले, ते कायरोनोमिड. मोजावे, वहीत तारीख घालून लिहावे आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा जावे.