प्रश्नावलीत नसलेला प्रश्न

शस्त्रक्रियेतले सर्जनचे काम टाक्यांवरून तरी दिसते. भूलतज्ज्ञाचे काम दिसत नाही. गुंगीत असताना दुखले का, भीती वाटली का, हे फक्त रुग्णच सांगू शकतो. ते मोजण्यासाठी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या फ्रँकलिन डेक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पूर्ण बेशुद्ध न करता गुंगी देऊन ज्यांची शस्त्रक्रिया होते, अशांसाठी ती आहे. तिच्यात ११ विधाने आहेत : सुरक्षित वाटले, खाज सुटली, मळमळले, अशीच भूल पुन्हा चालेल, इत्यादी. प्रत्येकापुढे सहमती-असहमतीचे सहा पर्याय. गुण उणे ३ ते अधिक ३. मधला शून्य नाही. तक्रारीच्या विधानांचे गुण उलटे धरतात आणि शेवटी सरासरी काढतात.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक आहेत. त्यांच्यासाठी नुसते भाषांतर पुरेल का?

मूळ प्रश्नावलीत दुखण्याविषयी तीन विधाने आहेत. इंग्रजीत त्यांसाठी ‘पेन’ आणि ‘हर्ट’ असे दोन वेगळे शब्द आहेत. स्पॅनिशमध्ये ‘डोलोर’ हे नाम आणि ‘डोलेर’ हे क्रियापद एकाच मुळाचे. त्यामुळे ‘हे तर आत्ताच सांगितले’ असे रुग्णाला वाटू शकते. भाषांतर तपासण्यासाठी ते दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत आणवण्याची रीत आहे. पण इथे उलट भाषांतर बिनचूक येईल आणि अडचण तशीच राहील. म्हणून प्रत्यक्ष रुग्णांना ‘तुम्हाला काय समजले?’ हे विचारावेच लागते.

दुसरी अडचण उत्तर देण्याच्या सवयीची. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक वंशाचे लोक टोकाचे पर्याय अधिक निवडतात, असे पाहणीत आढळले आहे. शिवाय रुग्णालयाचाच माणूस प्रश्न वाचून दाखवत असेल, तर भिडेपोटी ‘छान होते’ असेच उत्तर येण्याचा संभव. तेव्हा दोन भाषक गटांच्या सरासऱ्या शेजारी मांडून निष्कर्ष काढणे धोक्याचे.

सर्वांत मोठी उणीव मात्र भाषांतराची नाही. गुंगीतला रुग्ण ‘दुखतेय’ म्हणाला आणि ते कोणाला कळलेच नाही, तर औषध वाढणार नाही. ‘माझे बोलणे त्यांना समजले’ असे विधान त्या ११ मध्ये नाही. इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णाला त्याची गरज भासली नसावी. विश्वासू भाषांतर ही उणीवही इमानाने पुढे नेते. मग सरासरी चांगली येते आणि दुभाष्याची गरज नाही, असा अर्थ त्यातून काढला जाऊ शकतो. स्पॅनिश प्रश्नावलीत म्हणूनच बारावे विधान हवे, आणि ते त्या रुग्णांना विचारूनच लिहायला हवे.