दोन ठोक्यांमधली उसंत

रक्तदाब मोजून झाला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘वरचा किती?’ खालच्या आकड्याची चौकशी नंतर, तीही झाली तर. हृदयाबद्दलच्या आपल्या समजुतीचा कलही असाच आहे. हृदय म्हणजे आवळून रक्त ढकलणारी मूठ, आणि दोन ठोक्यांमधला वेळ म्हणजे नुसता खंड, असे आपण धरून चालतो. पण एका ठोक्याचा हिशेब नीट मांडला तर हृदयाचे निम्मे कर्तृत्व सैल होण्यात आहे, आणि ते सैल होणे हेही कष्टाचेच काम आहे, हे ध्यानात येते.

मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला ०.८ सेकंद येतात. त्यातले जेमतेम ०.३ सेकंद खालचे दोन कप्पे, म्हणजे निलय, आवळलेले असतात, उरलेले ०.५ सेकंद ते सैलावून भरून घेत असतात. वरच्या अलिंदांमधले बहुतेक रक्त आपसूक खाली उतरते, आणि शेवटी अलिंदे आवळून त्यात थोडी भर घालतात. या भरीला वेळ मिळावा म्हणूनच जणू विजेचा इशारा अलिंदे आणि निलय यांच्या मधल्या गाठीपाशी सुमारे ०.१ सेकंद रेंगाळतो. मग डावा निलय आवळू लागतो आणि त्याची अलिंदाकडची मायट्रल झडप मिटते. स्टेथोस्कोपमधला ‘लब्’ तो हा. महाधमनीची झडप अजून बंदच असते. दोन्ही दारे लागलेल्या त्या कोठडीत सुमारे १२० मिलिलिटर रक्त कोंडलेले असते, आणि सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात आतला दाब १० वरून ८० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो. बाहेरचे दार उघडते, ७० मिलिलिटर रक्त निघून जाते, दाब उतरताच ते दार मिटते, आणि ‘डब्’ ऐकू येतो. या झडपांच्या पाकळ्या स्नायू उघडत नाहीत. दाबातला फरकच त्यांना उघडतो आणि मिटवतो.

कोणी म्हणेल, आवळण्याला जोर लागतो, सैल पडायला काय लागते? स्नायूचे गणित तसे नाही. पेशीत कॅल्शियम सुटले की तंतू एकमेकांना धरतात. ती पकड सोडवायला आणि कॅल्शियम पुन्हा कोठारात भरायला ऊर्जा खर्च करावी लागते. मृत्यूनंतर ही ऊर्जा संपते, म्हणून तर देह ताठरतो. शिवाय ओला पंचा पिळावा तसा डावा निलय आवळताना पीळ घेतो. तो पीळ सुटताना आतला दाब झपाट्याने उतरतो आणि अलिंदातले रक्त खाली ओढले जाते. पुढचा जोरही या भरण्यावरच ठरतो. जर्मनीत ऑटो फ्रँक आणि इंग्लंडमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखवून दिले, की हृदयाचा स्नायू भरताना जितका ताणला जातो तितका, एका मर्यादेपर्यंत, पुढच्या ठोक्याला अधिक जोराने आवळतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धावताना ठोके १८० वर गेले की उसंत फारच आखडते, तरी निरोगी हृदय अधिकच रक्त पुरवते; मग उसंतीचे एवढे महत्त्व कसले? उत्तर असे, की तेव्हा अ‍ॅड्रेनलिन हृदयाचे सैलावणेही वेगवान करते, आणि पायांचे स्नायू व खोल श्वास रक्त भराभर परत पाठवतात. लय बिघडून बसल्या जागी ठोके तितकेच धावू लागले तर ही मदत नसते. निलय अर्धवट भरतात आणि माणसाला घेरी येते. टू-डी इकोचा दाखला तर याहून बोलका आहे. हृदय निकामी होऊ लागलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचे आवळणे ठीकच दिसते. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हृदयाची भिंत ताठरलेली असते, ती नीट सैल पडत नाही, आणि मागे तुंबलेल्या रक्तामुळे जिना चढताना दम लागतो.

खालचा आकडा याच उसंतीचा आहे. ठोक्यासरशी फुगलेली महाधमनी हळूहळू आक्रसत जाते आणि दाब ८० च्या खाली जाऊ देत नाही. डाव्या निलयाची भिंत आवळलेली असताना तिच्यातल्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. तिला तिचे रक्त मिळते ते मुख्यतः ती सैलावल्यावर, या राखून ठेवलेल्या दाबावर. दिवसभरात लाखभर वेळा साऱ्या देहाला वाढणारे हृदय आपला घास दोन ठोक्यांच्या मध्येच घेते.