योगचिकित्सा : शोधन आणि सत्त्वावजय

चिकित्सापत्रावर औषधांची नावे, मात्रा, काल व अनुपान लिहून झाल्यावर अखेरीस ‘नियमित योगासने व प्राणायाम’ अशी ओळ लिहिण्याची सवय आपल्यापैकी अनेक वैद्यांना आहे. मलाही होती. वमन देण्यापूर्वी आपण रुग्णाचे बल, कोष्ठ, अग्नी, ऋतू सर्व पाहतो. मग योग सांगतानाच मात्रेचा विसर का पडतो, हा प्रश्न मला एका रुग्णामुळे पडला.

रुग्ण ५२ वर्षांचे किराणा व्यापारी. शरीर कृश, प्रकृती पित्तप्रधान, तीन वर्षांचे अम्लपित्त आणि अनिद्रा. सूतशेखर व कामदुधा यांनी बरा उपशय मिळत होता. माझी शेवटची ओळ प्रमाण मानून त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहून कपालभाती आरंभिली व ती रोज अर्धा तास करू लागले. सहा आठवड्यांनी आले ते उरोदाह, भ्रम आणि शिरःशूल वाढल्याची तक्रार घेऊन. मी अपथ्याबद्दल त्यांनाच बोल लावला. त्यांनी काही न बोलता माझीच चिठ्ठी पुढे केली.

हठप्रदीपिकेत कपालभातीची गणना प्राणायामात नाही. ती धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या पंक्तीतील षट्कर्म आहे आणि कफाचे शोषण करणारी आहे. षट्कर्मे मेद व श्लेष्मा अधिक असणाऱ्याने करावीत, दोष सम असणाऱ्यास त्यांचे प्रयोजन नाही, असे ग्रंथकाराने स्वच्छ सांगितले आहे. अयुक्त प्राणायामाने हिक्का, श्वास, कास आणि शिर, कर्ण व नेत्र यांच्या वेदना उद्भवतात, हा इशाराही त्याच उपदेशात आहे. थोडक्यात, शोधनास अनर्ह असलेल्या रुग्णाला मी नकळत रोज शोधन देत होतो.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, ‘योगमीमांसा’ सुरू केले आणि यौगिक क्रियांच्या वेळी उदरात होणारे दाबाचे बदल यंत्रांनी मोजले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या ऋणदाबास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव देऊन ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. जी क्रिया मोजता येण्याइतका परिणाम घडविते, ती अस्थानी योजल्यास अपायही करणारच. शीर्षासनाने नेत्रांतर्गत दाब वाढतो. काचबिंदूच्या रुग्णास ते सांगणे हा सरळ चिकित्सादोष होय.

कपालभाती थांबविल्यावर भ्रम व शिरःशूल शमले. झोप मात्र येईना. निदान करताना जे विचारायला हवे होते, ते मी तेव्हा विचारले. वडिलोपार्जित जागेवरून सख्ख्या भावाशी दावा चालू होता आणि कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री दाह हमखास वाढत असे! पतंजलींनी अंतरायांत व्याधीला पहिले स्थान दिले आहे. त्यांच्या सहचरांत दुःख, दौर्मनस्य, अंगकंप आणि श्वासप्रश्वास यांचा उल्लेख एकाच सूत्रात येतो. शरीर व मन अशी वाटणी तेथे नाही. आसनाला तर अवघी तीन सूत्रे आहेत. चरकाचार्यांनीही अहित विषयांपासून मनाचा निग्रह म्हणजे सत्त्वावजय, ही स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. योगाच्या आध्यात्मिक अंगाचा चिकित्सेतील अर्थ मी एवढाच घेतो. त्याचा संप्रदायाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. ॐकार नको असणाऱ्या रुग्णास भ्रामरीचा गुंजारव पुरतो.

त्यांना दहा मिनिटे शवासन, भ्रामरीची पाच आवर्तने, लघु व लवकर सायंभोजन आणि एक नियम दिला : जेवणानंतर दाव्याची फाइल उघडावयाची नाही. ‘म्हणजे दावा सोडू का?’ असे त्यांनी विचारले. तो विषय वकिलांचा, असे मी सांगितले. चार महिन्यांत झोप सुधारली, औषधाची मात्रा निम्मी झाली. तारखेच्या दिवशी दाह अजूनही होतो. एका रुग्णावरून सिद्धांत मांडण्याचा माझा हेतू नाही. शिवाय औषधेही चालू होतीच.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींना एक विनंती. ‘प्राणायाम सुरू केला आहे, आता रक्तदाबाची गोळी बंद करू का?’ असे ग्राहक प्रथम आपणांसच विचारतो. त्याला गोळी चालू ठेवण्यास सांगून त्याच्या चिकित्सकाकडे परत पाठवावे. नेतीचे पात्र देताना पाणी उकळून कोमट केलेलेच वापरावे, हेही सांगावे.

माझ्या चिठ्ठीवर आता क्रियेचे नाव, आवर्तने, वेळ आणि निषेध लिहिलेले असतात. त्यासाठी प्रत्येक रुग्णामागे दहा मिनिटे अधिक लागतात आणि बाहेर बसलेले रुग्ण कुरकुरतात.